गणिती, नाणी आणि धनगराची गारगोटी

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडं घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? पंधरा-सोळा वर्षांच्या पोरानं त्या दिवशी दिलेलं उत्तर पुढं जन्मभर त्याची पाठ सोडत नाही. सायन्सला गेलेला मुलगा इतिहासाच्या पुस्तकाला हात लावेनासा होतो. आर्ट्सची मुलगी आकडे दिसले की 'ते आपलं काम नाही' म्हणून बाजूला होते. त्यांच्या अकलेत काही कमी असतं म्हणून असं होत नाही. आपण त्यांना तसं सांगितलेलं असतं, आणि त्यांनी ते खरं मानलेलं असतं.

एका विषयात खोल जाणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे. मोतीबिंदू काढून घ्यायचा झाला तर ज्यांच्या हाताखालून हजारो डोळे गेले आहेत अशाच डॉक्टरकडं मी जाईन, आणि तुम्हीही जाल. ज्ञानाचा पसारा इतका वाढला आहे की प्रत्येकानं आपला एक तुकडा धरून बसल्याशिवाय काम होत नाही. हे मान्य करूनच मला आज विचारायचं आहे: अशा काळात एका माणसानं चार विषय मनापासून शिकावेत का? शिकता येतात का? माझं उत्तर 'हो' असं आहे. ते का, हे सांगण्यासाठी मी एकाच माणसाची गोष्ट सांगणार आहे. हा माणूस आपल्यातला होता, आपल्या पुण्यात राहिला, आणि तरीही त्याचं काम आपल्या घरांत जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही, याची मला खंत आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 31 जुलै 1907, गोव्यातल्या कोसबेन गावी. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीनं ते घरातून बाहेर पडले होते आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत फिरले होते. हार्वर्ड विद्यापीठात कामासाठी गेले तेव्हा दामोदर लहान होता, तोही त्यांच्यासोबत अमेरिकेत शिकला. 1929 साली हार्वर्डची पदवी घेऊन तो परतला. आधी बनारस, मग अलीगढ, आणि 1933 पासून पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. विषय गणित. पुढं मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली तेव्हा होमी भाभांनी त्यांना तिथं बोलावून घेतलं. घर मात्र पुण्यातच राहिलं. डेक्कन क्वीननं मुंबईला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षं चालला.

आता हा गणिताचा माणूस इतिहासात, संस्कृतात, पुरातत्त्वात कसा शिरला? मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. 'मला अष्टपैलू व्हायचंय' असं ठरवून ते निघालेले नव्हते.

फर्ग्युसनमध्ये असताना ते संख्याशास्त्राकडं वळले. नवं शास्त्र शिकायचं तर ते कशावर तरी चालवून पाहावं लागतं. त्यांनी त्यासाठी जुनी नाणी घेतली. आपल्या देशातली सगळ्यात जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जुळवण्यासाठी कोपरे छाटायचे, आणि वर लहान लहान ठसे ठोकायचे. सूर्य, टेकडी, झाड, प्राणी अशी चिन्हं. नाव नाही, साल नाही, राजाचा मुखवटा नाही. एका बाजूला साधारण पाच ठसे आणि मागच्या बाजूला काही बारीक खुणा. ही नाणी कुणाची, कोणत्या आधी आणि कोणत्या नंतरची, यावर अभ्यासक चिन्हांचा अर्थ लावत वाद घालत होते.

कोसंबींनी तराजू काढला.

त्यांचा विचार असा होता. नाणं हातोहात फिरतं तेव्हा झिजतं. प्रत्येक व्यवहारात अगदी कणभर चांदी जाते. म्हणून एकाच वजनाची पाडलेली नाणी बराच काळ बाजारात फिरली तर त्यांचं सरासरी वजन उतरत जाणार. आणि सगळी सारखी झिजणार नाहीत, एखादं शंभर हातांतून गेलेलं असेल तर एखादं कुणाच्या तरी मडक्यात पडून राहिलेलं असेल. म्हणजे सरासरी उतरेल तशी वजनांतली तफावत वाढत जाणार. सरासरी आणि तफावत ही दोन मापं हातात आली की एका राजाच्या चिन्हांचा गट दुसऱ्यापेक्षा जुना की नवा, हे ठरवता येऊ लागतं. पण हे खरं कशावरून? त्यासाठी त्यांनी आपल्याच काळातली, बाजारात चालू असलेली नाणी गोळा करून तोलली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं, तेव्हा किती वर्षांत किती झीज होते ते पडताळून बघता येतं. मग ते जुन्या नाण्यांकडं वळले.

तक्षशिलेला भीर टेकाडात 1924 साली आहत नाण्यांचा मोठा साठा सापडला होता, हजाराच्या वर नाणी होती. त्यातच अलेक्झांडरची दोन नाणी निघाली, तीही न झिजलेली. त्यामुळं हा साठा जमिनीत केव्हा गेला याचा अंदाज बांधता येत होता. कोसंबींनी अशा साठ्यांमधली नाणी एकेक करून तोलली. त्यात त्यांना दिसलं की मागच्या बाजूच्या खुणा जितक्या जास्त, तितकं नाणं हलकं. म्हणजे त्या खुणा काळाबरोबर वाढत गेलेल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या संघांनी वेळोवेळी नाणं तपासून मागं आपली खूण उठवली असावी, हा त्यांचा निष्कर्ष. ज्या खुणांकडं चिन्हांचे अर्थ लावणाऱ्यांनी फारसं पाहिलंच नव्हतं, त्यांतून अडीच हजार वर्षांपूर्वीचा बाजार बोलू लागला.

श्रोतेहो, जरा विचार करा. नाणी तीच होती. संग्रहालयात पडलेली होती. नाण्यांचे जाणकार होते आणि संख्याशास्त्राचेही जाणकार होते. पण झिजण्याचं गणित मांडता येतं हे ज्याला ठाऊक आणि ही नाणी हातात घ्यायची ज्याला हौस, असा एकच माणूस लागत होता. दोन माणसांनी शेजारी बसून हे कदाचित झालं असतं. पण शेजारी बसायचं तरी कशासाठी, हे दोघांपैकी एकाला सुचावं लागतं ना!

आता पुढची पायरी. नाण्यांचा क्रम लागला, पण ती पाडली कुणी? त्यासाठी राजांच्या याद्या हव्यात. त्या पुराणांत आहेत, बौद्ध आणि जैन ग्रंथांत आहेत, आणि एकमेकींशी जुळत नाहीत. मूळ ग्रंथ वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. कोसंबींचं संस्कृत तेव्हा जेमतेम होतं. त्यांनी काय केलं? व्याकरण पाठ करत बसण्याऐवजी एक नेमका ग्रंथ धरला, भर्तृहरीची शतकं. आपल्या आजोबा-पणजोबांना नीतिशतकातले श्लोक तोंडपाठ असायचे, ते हेच. पण हस्तलिखितं पाहू लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक पोथीत श्लोक वेगळे, क्रम वेगळा. मग भर्तृहरीचे मूळ श्लोक कोणते? देशभरातून शेकडो पोथ्यांचा धांडोळा घेत, पाठभेद नोंदवत त्यांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती 1948 साली प्रसिद्ध झाली. पुढं 1957 मध्ये वि. वि. गोखले यांच्या जोडीनं त्यांनी 'सुभाषितरत्नकोश' हा जुना काव्यसंग्रह संपादित केला, तो हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला. संस्कृत शिकायला बसलेला गणिताचा प्राध्यापक संस्कृतच्या पंडितांना वापरावी लागेल अशी आवृत्ती देऊन गेला.

इथं मला थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. बहुश्रुतपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सगळ्यातलं थोडं थोडं माहीत असणारा माणूस येतो. सकाळी मोबाइल उघडला की कृष्णविवर, तुकोबांचा अभंग, शेअर बाजार आणि मधुमेहावरचं औषध, सगळं दहा मिनिटांत नजरेखालून जातं. माहिती मिळते, नाही असं नाही. पण त्या माहितीनं आपल्याला काही करता येत नाही. कोसंबींचं तसं नव्हतं. नव्या विषयात शिरले की त्या विषयाचं हातचं काम ते शिकून घेत. नाणी तोलणं हे हातचं काम आहे. पोथ्या ताडून पाहणं हे हातचं काम आहे. तिथं कष्ट टळत नाहीत, आणि माझ्या मते टाळूही नयेत.

त्यांचं आणखी एक काम सांगतो, खास करून शेतकरी श्रोत्यांसाठी, कारण त्याचा तुमच्या बियाण्याशी संबंध आहे. 1944 साली त्यांनी जनुकशास्त्रात एक छोटा लेख लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती दूर आहेत, हे पुढच्या पिढीत त्यांची ताटातूट किती वेळा होते यावरून काढतात. जवळ असतील तर बहुधा एकत्रच उतरतात, दूर असतील तर वेगळी होतात. अडचण अशी की दूरच्या जनुकांमध्ये कधी कधी दोनदा अदलाबदल होते आणि ती पुन्हा एकत्र आल्यासारखी दिसतात. मग अंतर खऱ्यापेक्षा कमी भासतं. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की अगदी शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. हे दोन्ही हिशेबात धरणारं सूत्र कोसंबींनी दिलं. भात, गहू अशा पिकांचे जनुकीय नकाशे काढताना आजही जगभरचे संशोधक 'कोसंबी सूत्र' वापरतात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की हाच कोसंबी कार्ल्याच्या लेण्यांवर लिहिणारा? मला वाटतं, फारच थोड्यांना.

तर, कार्ले. पोथ्यांमधून इतिहास पुरता हाती लागत नाही हे कळल्यावर कोसंबी घराबाहेर पडले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, जुन्नरची लेणी, मावळातल्या वाटा त्यांनी पायी धुंडाळल्या. गावाबाहेरच्या म्हसोबा-म्हातोबाला, शेंदूर फासलेल्या आयांना, वाटेवरच्या दगडांना ते थांबून बघत आणि तिथल्या लोकांशी बोलत. अशा ठाण्यांच्या जवळपास त्यांना अश्मयुगीन माणसांची बारीक दगडी हत्यारं सापडू लागली. बोटाच्या पेराएवढी, कधी त्याहूनही लहान. त्यांच्या ध्यानात आलं की अशी कित्येक देवस्थानं जुन्या वाटांच्या तिठ्यांवर आहेत. गुरं घेऊन फिरणारे लोक ज्या वाटांनी जात, त्याच वाटांनी पुढं व्यापाऱ्यांचे तांडे गेले, आणि घाटाच्या तोंडाशी बौद्ध लेणी खोदली गेली. कार्ल्याला चैत्याच्या दारातच एकवीरा आई बसली आहे. आपण नवरात्रात दर्शनाला जातो, लेणं बघतो आणि परत येतो. देवी आणि लेणं एकाच ठिकाणी का, हा प्रश्न कोसंबींनी गांभीर्यानं घेतला.

आणि इथंच ती धनगराची गोष्ट येते. ही बारीक दगडी पाती कशी वापरत असतील, याचा शोध त्यांनी काचेच्या कपाटांपुढं उभं राहून घेतला नाही. आपल्याच भागातले धनगर मेंढे खच्ची करताना गारगोटीसारख्या दगडाची नुकती काढलेली कपची वापरतात, हे त्यांना दिसलं. लोखंडी सुरी का नाही? कारण सुरीनं जखम चिघळते. ती उकळून घेतली तर चालेल, पण रानात कोण उकळत बसणार? दगडाची कपची ताजी फोडली की तिची धार पूर्वी कशालाच लागलेली नसते, म्हणून ती निर्जंतुक. काम झालं की टाकून द्यायची. हजारो वर्षांपूर्वीचं तंत्र मेंढपाळाच्या हातात जिवंत होतं, आणि त्यामागं पक्कं कारणही होतं. हार्वर्डमध्ये शिकलेला माणूस त्या मेंढपाळापाशी बसून शिकला. ज्ञान कुठं कुठं असतं याबद्दलच्या आपल्या समजुती किती तोकड्या असतात, हे मला या प्रसंगानं शिकवलं.

या सगळ्यांतून 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. राजांच्या वंशावळी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं: नांगर कधी आला? लोखंड कुठून येत होतं? धान्य कोण पिकवत होतं आणि कोण नेत होतं? हे प्रश्न आज कॉलेजच्या अभ्यासक्रमात आहेत. तेव्हा ते असे एकत्र कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या मार्क्सवादी मांडणीबद्दल मतभेद होते आणि आहेत. पण त्यांच्या नंतरच्या इतिहासकारांना, त्यांच्याशी भांडणाऱ्यांनासुद्धा, त्यांना ओलांडून जाता आलेलं नाही.

या वाटेला धोके नाहीत असं मी म्हणणार नाही. गणितात रीमान नावाचं एक प्रसिद्ध कोडं आहे. 1859 पासून ते अजून सुटलेलं नाही. बरोबर शंभर वर्षांनी, 1959 साली, कोसंबींनी संख्याशास्त्राच्या अंगानं त्याच्या सिद्धतेचा दावा केला आणि तो कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. पुढं 1962 साली टाटा संस्थेतला त्यांचा करार वाढवला गेला नाही. अणुऊर्जेऐवजी सौर ऊर्जेवर भर द्या, असं ते त्या काळात जाहीरपणे सांगत होते, तेही तिथल्या धोरणाशी जुळणारं नव्हतं. एका क्षेत्रातला आत्मविश्वास दुसरीकडं घेऊन जाताना तिथल्या जाणकारांची कसोटी चुकवता येत नाही. नाण्यांच्या वेळी त्यांनी आधी चालू नाणी तोलून पडताळा घेतला होता. रीमानच्या वेळी तसा पडताळा त्यांना मिळाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि दोन्हींतून शिकण्यासारखं आहे. 29 जून 1966 ला पुण्यात ते गेले. वय अवघं अठ्ठावन्न.

तुम्ही म्हणाल, कोसंबींसारखी बुद्धी असेल तर माणूस काहीही करील. आम्ही नोकरी-धंद्याची, शेतीवाडीची माणसं. हे मला पटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्हाला माहीत आहे. तिथं पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी पाण्याचा ताळेबंद सुरू केला. यंदा पाऊस किती पडला, त्यातलं किती मुरलं, प्यायला किती राखायचं आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात, हे मोजून ग्रामसभेत ठरवायचं. आता यात किती विषय आले बघा! आपला काळा पाषाण पाणी कसं धरतो, मुरमात किती, भेगांत किती, हे भूशास्त्र. पर्जन्यमापकाची नोंद आणि पिकाची तहान यांचा हिशेब, हे गणित आणि कृषिशास्त्र. शेतीला बोअर मारायची नाही हे सगळ्यांनी कबूल करणं, हे तर राज्यशास्त्रच. या गावानं कुठल्या एका तज्ज्ञाच्या तोंडाकडं पाहत बसायचं ठरवलं असतं तर पाणी आलं नसतं. तज्ज्ञांची मदत घेतली, पण त्यांना काय विचारायचं ते गावाला कळत होतं.

म्हणून सुरुवात कुठून करावी, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, आपल्या रोजच्या कामातला एखादा अडलेला प्रश्न घ्या. अंगणवाडीताई असाल तर मुलांची वजनं दर महिन्याला तुम्ही वहीत लिहिता. त्या आकड्यांवरून कोणतं मूल घसरतंय हे वेळेआधी ओळखता येईल का? तेवढ्यापुरतं संख्याशास्त्र शिका. दवाखान्यात काम करत असाल आणि आदिवासी पाड्यावरून येणारी माणसं गोळ्या अर्ध्यावर सोडतात असं दिसत असेल, तर त्यांची बोली शिका, त्यांचे सण आणि हंगाम समजून घ्या. इतिहास शिकवत असाल तर गावातल्या जुन्या बारवेवरचा शिलालेख वाचायला मोडी किंवा देवनागरीची जुनी वळणं शिका. एक शेजारचा विषय, फार नाही. त्या विषयाचं शाळेचं पाठ्यपुस्तक आधी घ्या. पाठ्यपुस्तक हातात धरायला मोठ्या माणसांना लाज वाटते, पण प्रत्येक विषयाची वाट तिथूनच जाते. त्यातली उदाहरणं सोडवा. मग ते काम हातानं करणारा कुणीतरी गाठा आणि आपलं उत्तर त्याला दाखवा, त्यानं खोडलं तर खोडू द्या. मराठी विश्वकोशाचे खंड आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात, गावात वाचनालय नसलं तरी अडणार नाही.

आणि ज्यांच्या घरात यंदा दहावीचं मूल आहे त्यांना एक विनंती. शाखा कोणतीही निवडू द्या. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं विषय एकमेकांत मिसळायला मोकळीक द्यायचं ठरवलं आहे, त्याचा तुमच्या कॉलेजात कितपत उपयोग होतो ते जाऊन विचारा. नाही झाला तरी सुट्टीत मुलाला मळवलीला उतरवून कार्ल्याला घेऊन जा. चैत्यातल्या खांबांवर ब्राह्मी लेख आहेत. दान देणाऱ्यांची नावं त्यांत कोरलेली आहेत, त्यांतले कित्येक जण धेनुकाकट नावाच्या ठिकाणचे आहेत आणि काही तर यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, आहेत. मुलाला ती अक्षरं मोजू द्या, उतरवून घेऊ द्या, आणि ही परकी माणसं घाटाच्या माथ्यावर कशाला आली होती ते त्याचं त्याला विचारू द्या.

नमस्कार.